खारेपाटणचे ताम्रपट आणि तुर्भ्याची सूट

मुंबईहून मालवणकडे येणाऱ्या आपल्या माणसांना खारेपाटण आले की घर जवळ आल्यासारखे वाटते. राजापूर तालुका मागे पडतो, सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो आणि गाडीत पेंगुळलेली मुले उठून बसतात. आज हे महामार्गावरचे एक साधे गाव आहे. परंतु शिलाहारांच्या काळी विजयदुर्गच्या खाडीतून गलबते थेट इथवर येत. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचे बलिपत्तन ते हेच, असे अनेक इतिहाससंशोधकांनी मानले आहे.

या गावी सापडलेले दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. पहिला रट्टराजाचा, शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ मधील. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण देवालयाच्या खर्चासाठी घ्यावे, अशी आज्ञा त्यात आहे. दुसरा उत्तर कोकणच्या अनंतदेव शिलाहाराचा, शके १०१६ चा, म्हणजे त्यानंतर सुमारे ८६ वर्षांनी दिलेला. त्यात नेमके उलट आहे. राजाच्या एका महामात्याची आणि त्याच्या भावाची गलबते ठाणे, सोपारे, चौल आदी बंदरांत येतील तेव्हा त्यांच्याकडून जकात घेऊ नये, असे त्या पटावर कोरलेले आहे. एकात पट्टी आणि दुसऱ्यात माफी!

राजाने आपल्या जवळच्या माणसाला सूट द्यावी, यात नवल ते काय? राज्ये अशीच चालत आली आहेत. परंतु मला त्या पटाविषयी एका वेगळ्याच गोष्टीचे कौतुक वाटते. सूट दिली, ती तांब्यावर कोरून दिली. कोणाला दिली, कशाची दिली, कोणकोणत्या बंदरांत ती चालेल, हे सारे लिहून ठेवले. बंदरावरच्या जकातदारापुढे तो पट ठेवावा लागत असणार. शिवाय जकात आणि जकातदार आपापल्या जागी राहिले; सूट मिळालेला महामात्य काही स्वतःच जकातदार होऊन बसला नाही.

हे सारे आठवण्याचे कारण दुसरीच एक सूट आहे. ती सन २००० मधील आहे आणि तिचा संबंध मुंबईच्या तुर्भे गावाशी आहे, ज्याला इंग्रजी वळणाने आपण ट्रॉम्बे म्हणतो. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रावर अणुऊर्जा नियामक मंडळाची जी सुरक्षाविषयक देखरेख होती, ती त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात सरकारी आदेशाने काढून घेण्यात आली. यापुढे केंद्राच्या सुरक्षिततेचे नियमन केंद्राच्या संचालकांनी नेमलेल्या अंतर्गत यंत्रणेने करावे, असे ठरले. ही सूट जकातीची नव्हती. ती तपासणीची होती.

अण्वस्त्रे असावीत की नसावीत, हा वाद मी येथे बाजूला ठेवतो. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली 'पाचेम इन तेर्रिस' या पत्रात अण्वस्त्रबंदीची हाक दिली, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. जोवर ही अस्त्रे आणि त्यांचे द्रव्य बनवले जात आहे, तोवर ते बनवणाऱ्या हातांची काळजी कोणी वाहावी, आणि ती नीट वाहिली जाते की नाही हे कोणी पाहावे?

हा प्रश्न मला माझ्या मामांनी शिकवला. ते मुंबईत एका सरकारी कारखान्यात फिटर होते. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. कामावर असताना त्यांच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारी फिल्म बसवलेला एक लहानसा बिल्ला असे. आम्हा मुलांना ते सैनिकाचे पदक वाटे. तो बिल्ला ठरावीक मुदतीने तपासणीला जाई आणि नवा मिळे. एकदा नाताळच्या सुट्टीत गावी आले असता माझ्या वडिलांनी त्यांना विचारले, त्या बिल्ल्यात काय निघते? मामा हसून म्हणाले, "आकडो जास्ती इलो तर त्रास साहेबाक. मगे आकडो जास्ती येतलो कित्याक?" त्या वेळी सगळेच हसले. मामा कडवट माणूस नव्हते आणि साहेबही बहुधा वाईट नसावा. परंतु ज्याचे काम अडेल त्याच्याच हाती मोजमाप असेल, तर काय होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते. आपल्या धर्मगुरूंनाही कुमसारासाठी दुसऱ्या धर्मगुरूंपुढेच गुडघे टेकावे लागतात.

आता तुर्भ्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू.

१९४८ साली संविधान सभेपुढे अणुशक्तीचा पहिला कायदा आला. तो कमालीच्या गुप्ततेचा होता. कृष्णमूर्ती राव या सभासदांनी विचारले, की ब्रिटनमध्येदेखील गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे. मग आपल्याकडे शांततेच्या संशोधनावरही हे पांघरूण कशाला? पंतप्रधान नेहरूंचे उत्तर प्रांजळ होते. या दोहोंतील सीमारेषा कशी आखावी ते आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचे ते उत्तर होते. पुढची कित्येक दशके या एका अडचणीच्या सावलीत गेली. १९५४ साली अणुऊर्जा खाते स्थापन झाले आणि ते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत राहिले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून धरण्याचा सरकारचा अधिकार कायम ठेवला.

तुर्भ्यास १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. आशियातील पहिल्यांपैकी ती एक. १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने बांधलेली 'सायरस' आली. पुढे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना त्याच आवारात उभा राहिला. १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियम 'सायरस' मधलेच होते. १९८५ मध्ये त्याहून मोठी 'ध्रुव' सुरू झाली. कर्करोगाच्या रुग्णांसाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थ, शेतीसाठी सुधारित बियाणे, वीज केंद्रांसाठीचे संशोधन आणि बाँबचे द्रव्य, हे सारे एका कुंपणात आणि एका खात्याखाली. त्या कुंपणालगत मुंबईसारखे शहर. कोकणातून गेलेल्या किती कुटुंबांची घरे तिथून जवळ चेंबूर, मानखुर्द, गोवंडी भागात आहेत, ते आपण जाणतोच.

प्रारंभी सुरक्षेची पाहणी खात्याच्याच समित्या करीत. मग मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि जगभरच्या सरकारांना विचार करणे भाग पडले. आपल्याकडेही या सुरक्षाकार्याची फेररचना कशी करावी हे ठरवण्यासाठी एक समिती बसली. त्यातून १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ जन्मास आले. पहिले अध्यक्ष प्राध्यापक ए. के. डे हे खात्याबाहेरचे, पवईच्या आय.आय.टी. मधील होते.

हे मंडळ फार बळकट होते असे मात्र नव्हे. त्याची स्थापना संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर सरकारी आदेशाने झाली होती. त्याने अहवाल द्यायचा तो अणुऊर्जा आयोगाला. आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचे सचिव! मंडळाच्या समित्यांवरील बहुसंख्य तज्ज्ञ खात्याच्याच सेवेतील असत. तरीही एक गोष्ट होती. तुर्भ्याच्या कुंपणाच्या आत पाहणारा डोळा कुंपणाच्या मालकाचा नव्हता. निदान कागदोपत्री तरी तो वेगळा होता. सतरा वर्षे तो तसा राहिला.

त्या डोळ्याने काय पाहिले, हे डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत लोकांना थोडेफार कळले. १९९३ ते १९९६ या काळात ते मंडळाचे अध्यक्ष होते. ते येण्यापूर्वी थोडेच दिवस, ३१ मार्च १९९३ रोजी, उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात मोठी आग लागली होती. मे १९९४ मध्ये आपल्या शेजारच्या कारवारकडील कैगा येथे बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीच्या घुमटाचा भाग कोसळला. गोपालकृष्णन यांनी खात्याच्या सर्व कारखान्यांतील सुरक्षाविषयक उणिवांची यादी करून घेतली. १९९५ च्या त्या दस्तऐवजात सुमारे १३० बाबी होत्या.

तो दस्तऐवज लोकांपुढे यावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबई सर्वोदय मंडळ या संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तेथे त्यांना यश आले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००४ मध्ये त्या न्यायालयानेही सरकारचा गुप्ततेचा हक्क मान्य केला. सर्वोदयी कार्यकर्त्यांना बाँबची कृती नको होती. वायुवीजन, आगीची सोय, जुनी झालेली नळी अशा गोष्टी कुठवर आल्या, एवढेच त्यांना हवे होते. परंतु कायद्याचे पांघरूण एकच होते आणि त्याखाली बाँब व नळी दोन्ही झाकले गेले.

दरम्यान मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या. भारत उघडपणे अण्वस्त्रधारी राष्ट्र बनले, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच आपण वर पाहिलेला आदेश निघाला. गोपालकृष्णन यांनी त्याच वर्षी जाहीर लेखन करून त्यावर कडक टीका केली.

या आदेशाच्या बाजूने काही म्हणता येईल की नाही? येईल. अस्त्रविषयक कामाची माहिती जितक्या कमी लोकांना असेल तितके बरे, हे कोणीही मान्य करील. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांना आपल्या यंत्रांचे जे ज्ञान आहे ते बाहेरच्या परीक्षकाला सहजी येणार नाही, हेही खरे. अंतर्गत सुरक्षा परिषदेवर बसलेले लोक निष्काळजी आहेत असा आरोप करण्याचे मला कारण नाही. परंतु हा युक्तिवाद मान्य करूनही एक गोष्ट उरते. सूट केवळ अस्त्रविषयक खोल्यांपुरती दिली गेली नाही. ती संपूर्ण केंद्राला मिळाली, आणि केंद्राच्या हाताखालचे तुर्भ्याबाहेरचे कारखानेही तिच्यात आले.

त्यांपैकी एक तमिळनाडूत कल्पाक्कम येथे आहे. वापरलेल्या अणुइंधनावर तेथे पुनर्प्रक्रिया होते. २१ जानेवारी २००३ रोजी तेथील कामगार सौम्य किरणोत्सारी द्रवाचा नमुना घेत होते. एक झडप बिघडली होती आणि तिच्यातून तीव्र किरणोत्सारी द्रव त्यात मिसळला होता. त्या जागी इशारा देणारे मापक यंत्र बसवलेले नव्हते. नमुना पुढे तपासायला गेला तेव्हा घोटाळा उघडकीस आला. तोवर ६ जणांना वार्षिक मर्यादेच्या कित्येक पट मात्रा मिळून गेली होती. कामगार संघटनेने आपल्या मागण्या व्यवस्थापनाकडे लेखी दिल्या. त्यांत पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमावा अशीही मागणी होती. बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली ती सुमारे सहा महिन्यांनी, वृत्तपत्रांतून. त्यानंतर केंद्राच्या संचालकांनी पत्रकारांपुढे घटना मान्य केली.

बाहेरचा परीक्षक असता तर हा अपघात टळलाच असता, असे मी म्हणणार नाही. नरोराची आग परीक्षक असतानाच लागली होती. परंतु 'येथे मापक का नाही?' हा प्रश्न अपघातापूर्वी विचारणारा, आणि उत्तर मिळेपर्यंत कारखाना बंद ठेवू शकणारा, कोणी बाहेरचा तेथे नव्हता.

हा प्रश्न भारतापुरताच नाही. १० ऑक्टोबर १९५७ रोजी इंग्लंडच्या विंडस्केल येथे बाँबसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या अणुभट्टीला आग लागली. सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या परिसरातील गवळ्यांचे दूध ओतून द्यावे लागले, कारण गाईंनी खाल्लेल्या गवतावर किरणोत्सारी आयोडिन पडले होते. चौकशी झाली; पण पंतप्रधान मॅकमिलन यांनी पूर्ण अहवाल दाबून ठेवला आणि तो तीस वर्षांनी, १९८८ मध्ये, खुला झाला. त्या आगीपूर्वी दोन आठवड्यांच्या आतच, २९ सप्टेंबरला, सोव्हिएत संघात उरल पर्वताजवळच्या मायाक कारखान्यात कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला होता. तो तर १९८९ पर्यंत सरकारने कबूलच केला नाही. मात्र इंग्लंड त्या आगीतून काही शिकले. १९५९ मध्ये कायदा होऊन अणुकेंद्रांसाठी निरीक्षक आले. पुढे १९९७ मध्ये ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र कारखान्यालाही नागरी नियामकाचा परवाना घेणे भाग पडले. अस्त्राची रचना निरीक्षकाला सांगावी लागत नाही; इमारत, कचरा, कामगार आणि शेजारचे गाव यांचा हिशेब मात्र द्यावा लागतो. नेहरूंना जी रेषा आखता आली नाही, ती तेथे आखली गेली.

अमेरिकेची कथा अधिक बोधक आहे, कारण तेथे मिळालेली देखरेख टिकवण्यासाठी झगडावे लागले. चेर्नोबिलनंतर अमेरिकन लोकांचे लक्ष आपल्याच जुन्या अस्त्र कारखान्यांकडे वळले. हॅनफर्ड येथे जमिनीखाली १७७ टाक्यांमध्ये किरणोत्सारी कचरा साठलेला आणि त्यांतील कित्येक गळक्या. १९८८ साली तेथील काँग्रेसने कायद्याने पाच सदस्यांचे एक स्वतंत्र सुरक्षा मंडळ निर्माण केले. त्याला दंडाचा अधिकार नाही, कारखान्याला टाळे ठोकण्याचाही नाही. त्याचे बळ एकाच गोष्टीत आहे. ते आत जाऊन पाहते, पाहिलेले जाहीर करते, आणि त्याच्या शिफारशींना ऊर्जा खात्याच्या मंत्र्याला जाहीर उत्तर द्यावे लागते. एवढेही खात्याला जड झाले. २०१७ मध्ये मंडळाच्या अध्यक्षांनीच ते बरखास्त करावे असे सुचवले! मे २०१८ मध्ये खात्याने एक आदेश काढून मंडळाच्या लोकांना कागदपत्रे आणि जागा कितपत दाखवायच्या यावर बंधने घातली. मंडळाच्या इतर सदस्यांनी आणि कारखान्यांच्या परिसरातील लोकप्रतिनिधींनी त्याला हरकत घेतली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून मंडळाला विनाविलंब आणि विनाअडथळा प्रवेश मिळाला पाहिजे असे लिहून टाकले. पुढच्या वर्षी खात्याला आपला आदेश बदलावा लागला. देखरेख कायद्यात होती म्हणून तिच्यासाठी भांडता आले. आपली देखरेख सरकारी आदेशाने आली होती आणि आदेशानेच गेली.

आपल्याकडे पुढे काय झाले ते थोडक्यात. अमेरिकेशी झालेल्या अणुकरारासाठी भारताने २००६ मध्ये आपल्या नागरी आणि लष्करी केंद्रांची विभागणी करून दिली. १९४८ मध्ये जी सीमारेषा कळत नव्हती, ती परदेशाशी करार करायचा म्हटल्यावर कागदावर आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नागरी अणुभट्ट्यांना आंतरराष्ट्रीय निरीक्षक आले. पण ते इंधन अस्त्रांकडे वळत नाही ना एवढेच पाहतात, फिटरचा बिल्ला पाहत नाहीत. 'सायरस' त्याच विभागणीनुसार २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. फुकुशिमानंतर सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत नव्या नियामक प्राधिकरणाचे विधेयक आले. संरक्षणविषयक केंद्रे त्यातून वगळण्याची मुभा सरकारला त्यातही होतीच. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले.

मधल्या काळात, २०१२ साली, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० मंडळाकडे नोंदलेली आढळली. नियम मोडणाऱ्याला जास्तीत जास्त दंड होता ५०० रुपये! बाजारात मासळीवाल्याशी घासाघीस करतानाही आपण याहून गंभीर असतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या संक्षिप्त नावाचा नवा अणुऊर्जा कायदा संमत केला. त्याने १९६२ चा कायदा मागे सारला आणि नियामक मंडळाला प्रथमच संसदेच्या कायद्याचा दर्जा दिला. बेचाळीस वर्षांनी का होईना, ही गोष्ट घडली याचे स्वागत केले पाहिजे. खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीत येऊ देण्यासाठी तशा मंडळाची निकड होती, हेही दिसतेच. परंतु वीज केंद्राच्या दारातील परीक्षकाला बळ आले म्हणून तुर्भ्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. सन २००० मध्ये गमावलेली देखरेख तेथे परत यावी, निदान इमारती, कचरा आणि कामगार यांच्यापुरती, ही मागणी वेगळी करावी लागेल. ती करणारे लोक फार थोडे आहेत. आपल्या गावागावांतून अणुऊर्जेची चर्चा होते ती जैतापूरची. ते साहजिकही आहे. खारेपाटणच्या उत्तरेला लागलेल्या राजापूर तालुक्यातच ते माडबन आहे आणि तेथे ६ मोठ्या अणुभट्ट्यांची योजना आहे. ती नागरी असल्याने तिच्यावर नियामक मंडळाची नजर राहील, आणि लोकांचीही आहे. तुर्भ्यावर लोकांची नजर कधी नव्हतीच. तेथे आपली माणसे नोकरीला होती, आणि नोकरीच्या जागेबद्दल घरी फारसे बोलू नये असे त्यांना सांगितलेले होते.

मामांना जाऊन बरीच वर्षे झाली. वार्धक्यानेच गेले, त्यांच्या मरणाचा कशाशी संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या ट्रंकेत निवृत्तीच्या वेळचे प्रशस्तिपत्र निघाले, पगाराच्या पावत्या निघाल्या, सहकारी पतपेढीचे पासबुक निघाले. सारे नीट घडी घालून ठेवलेले. मामींनी एकेक कागद मला वाचायला दिला. तीस वर्षे छातीवर लावलेल्या त्या बिल्ल्यांत काय आकडे निघाले, त्याचा एकही कागद त्यांत नव्हता.